पोपडा उलटा करून बघा: अ‍ॅक्रिलिक कशावर टिकतो आणि कशावरून सुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मातीच्या कुंड्यांवर गेरूसारखा तांबडा अ‍ॅक्रिलिक लावून त्यावर पांढऱ्याने वारली काढली, वरून वार्निशचे दोन हात दिले, तरी पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. त्याच रंगाने काढलेली काचेची बाटली नखाने खरवडली जाते. मांजरपाटाची पिशवी मात्र दोन वर्षं धुऊनही जशीच्या तशी आहे. आता दिवाळीसाठी चाळीस कुंड्यांची ऑर्डर आली आहे आणि सगळ्यांवर चालेल असा एक प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, तुम्हाला हवा आहे.

ताई, असा एक प्रायमर नाही. मी कोकणात २२ वर्षं भिंती, लाकूड, कुंड्या, कापड असं मिळेल त्यावर अ‍ॅक्रिलिकने काम करते आहे. इथली हवा जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठलीही कच्ची तयारी उघडी पाडते. एवढ्या वर्षांत रंग खराब निघाला म्हणून काम गेलं, असं फार क्वचित घडलं. बाकी प्रत्येक वेळी खालच्या पृष्ठभागाचं काहीतरी राहून गेलेलं होतं.

म्हणून आधी एक करा. कुंडीवरचा सुटलेला पोपडा हलक्या हाताने काढा, तळहातावर उलटा ठेवा आणि उजेडात बघा. पाठीला लाल भुकटी चिकटलेली असेल, तर तुमचा रंग कुंडीला कधी धरलाच नव्हता, कुंडीवरच्या धुळीला धरला होता. पाठीवर पांढरी, मिठासारखी खरखरीत पूड असेल, तर आतून पाण्याबरोबर क्षार आले आणि त्यांनी रंग ढकलून दिला. पाठ प्लॅस्टिकसारखी स्वच्छ, चकचकीत असेल, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत होता किंवा पहिलाच हात इतका घट्ट दिला गेला की तो आत शिरलाच नाही. आणि पाठीवर जुन्या रंगाचा नाहीतर चुन्याचा थर आला असेल, तर तुमचं काम ठीक होतं, त्याखालचा थर सुटला. भिंत असो की लाकडी पेटी, माझी तपासणी इथूनच सुरू होते.

आता रंगाबद्दल थोडं. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्याबरोबर रंगाची पूड. पाणी उडून गेलं की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. ओलेपणी हे द्रव दुधासारखं पांढुरकं असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. म्हणूनच ओला रंग फिका दिसतो आणि वाळला की एक छटा गडद होतो. फेविकॉल वाळताना आपण रोज हेच बघतो. पाण्यात मिसळणारे चित्रकारांचे अ‍ॅक्रिलिक रंग बाजारात आले ते १९५०च्या दशकाच्या मध्यावर, अमेरिकेत. घरांच्या भिंतींसाठी असंच मिश्रण त्याच्या थोडं आधी निघालं होतं. कुळ एकच आहे, म्हणून भिंतीचा चांगला अ‍ॅक्रिलिक प्रायमर चित्राच्या अस्तरालाही चालतो.

या पापुद्र्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, बोट ठेवायला जागा: थोडा खडबडीतपणा किंवा थोडी सच्छिद्रता. दुसरी, मध्ये धूळ, तेल, मेण नको. तिसरी, मागून कुणी ढकलणारं नको. तुमची पिशवी टिकली कारण रंग धाग्यांच्या आत जाऊन बसला. बाटलीवर पहिली गोष्ट नव्हती. कुंडीवर तिसरी.

कुंडीचं जरा नीट बोलते, कारण ऑर्डर तिचीच आहे. भाजलेली माती पाणी पिते. झाडाला घातलेलं पाणी कुंडीच्या भिंतीतून बाहेर येतं आणि बाहेरच्या अंगावरून उडून जातं; माठ थंड राहतो तो याचमुळे. तुम्ही बाहेरून अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर वार्निशचे दोन हात दिलेत, म्हणजे त्या पाण्याचं दार लावलंत. पाणी आतून येतच राहिलं, बरोबर खताचे आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आले, ते रंगाच्या मागे साठले आणि पापुद्रा फुगला. इथे वार्निशने मदत केली नाही, उलट कोंडी केली. बहुतेक जण बाहेरून तिसरा हात देतात. उपाय मात्र आतून करायचा असतो.

मी करते ते सांगते. नवी कुंडी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवते आणि पाणी एकदा बदलते, म्हणजे सुटे क्षार निघून जातात. नारळाच्या काथ्याने घासून धूळ काढते. मग तीन-चार दिवस कडक ऊन. वाळली की नाही हे हात लावून कळत नाही, म्हणून कुंडीवर तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ती उन्हात ठेवते. दोन-तीन तासांनी प्लॅस्टिकच्या आत बाष्प दिसलं, तर अजून वाळायची आहे. हाच प्रयोग भिंतीवर रात्रभर ठेवून करा. ओल आहे की नाही हे भिंत स्वतः सांगते.

वाळल्यावर कुंडीच्या आतून, काठावरून आणि बुडाच्या भोकाच्या कडेने गच्चीला लावतात ते अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग दोन हात. काठ आणि भोक विसरू नका, पाणी तिथूनच वाट काढतं. बाहेरून पहिला हात पातळ: अ‍ॅक्रिलिक प्रायमरमध्ये जवळपास तेवढंच पाणी घालून, म्हणजे तो मातीत शिरतो. दुसरा हात दाट. मग तांबडा रंग, मग वारली, आणि सगळ्यात शेवटी बाहेर चालेल असं मॅट वार्निश. अशी कुंडी आतून बंद झाल्यामुळे माठासारखा श्वास घेत नाही, त्यामुळे पाणी बेताने घालावं लागतं आणि भोक मोकळं लागतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

यापेक्षा सोपा मार्गही आहे आणि चाळीस कुंड्यांसाठी मला तोच बरा वाटतो. रोप नर्सरीच्या प्लॅस्टिक कुंडीतच राहू द्या आणि ती रंगवलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा. मातीला पाणी लागतच नाही. जुन्या, पांढरी पूड आलेल्या कुंड्या असतील तर ती पूड पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने घासून, स्वच्छ धुऊन, वाळवून मगच पुढे जा. नुसती पुसलीत तर ती परत येते.

वारलीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. पालघर, डहाणू, जव्हारकडे वारली झोपडीच्या भिंतीवर, शेण आणि गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाच्या रंगात बांबूच्या काडीने काढतात. तिथे सच्छिद्रावर सच्छिद्र आहे, पापुद्रा नावाची गोष्टच नाही, आणि लग्नाच्या वेळी भिंत पुन्हा सारवली की चित्र नव्याने येतं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला १९७०च्या दशकात कागद-कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कापडावर शेण-गेरूचं अस्तर देऊन वर पांढरा अ‍ॅक्रिलिक वापरणार असाल, तर अस्तरात थोडा फेविकॉल किंवा डिंक हवाच. नुसता गेरू बोटाला लागतो, आणि जे बोटाला लागतं त्यावर अ‍ॅक्रिलिक बसत नाही.

पणत्यांबद्दलही तुम्हाला लवकरच कुणीतरी विचारेल. पणतीत पाण्याऐवजी तेल झिरपतं. रंगवलेली पणती पहिल्या संध्याकाळी सुंदर दिसते, दुसऱ्या दिवशी बाहेरून तेलाचे डाग दिसतात आणि तिसऱ्या दिवशी रंग बोटाबरोबर सरकतो. अ‍ॅक्रिलिक जळणारा पदार्थ आहे, म्हणून पणतीच्या आत आणि वातीच्या चोचीला रंग लावायचा नाही. रंगीत पणती विकायचीच असेल तर आत मेण ओतून, मेणपणती म्हणून द्या. मेण तेलापेक्षा कमी झिरपतं, म्हणून बाहेरचा रंग जास्त टिकतो.

काचेला मात्र आत काही नाही, बाहेर काही नाही आणि बोट ठेवायला जागाही नाही. बाटली भांड्याच्या साबणाने धुवा, लेबलचा गोंद पूर्ण काढा, मग कापसाने स्पिरिट फिरवा आणि त्यानंतर काचेला बोट लावू नका; बोटाचा ठसा म्हणजे तेलच. रंगात पाणी अजिबात घालू नका. कुंडीवर पातळ हात आत शिरतो, काचेवर पातळ हात म्हणजे फक्त कमकुवत पापुद्रा. पातळ करायचाच असेल तर अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगाची पूड नसलेलं अ‍ॅक्रिलिकच, घाला. चित्र जिथे येणार तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने धुरकट केला तर पकड बरीच वाढते. आणि तीन आठवडे बाटलीला हात लावू नका. अ‍ॅक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडे घेतो, पावसाळ्यात आणखी जास्त. नखाची परीक्षा दुसऱ्या दिवशी घेतलीत तर तो नापासच होणार.

भट्टीत तापवून पक्का होणारा रंग वेगळा असतो आणि तसं त्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. तो असेल तरच ओव्हनचा विचार करा. वस्तू थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तापवा, नाहीतर काच तडकते. साधा अ‍ॅक्रिलिक कितीही तापवला तरी भांडी घासण्याच्या लायकीचा होत नाही. कप किंवा ग्लास असेल तर ओठ लागतो त्या काठापासून बोटभर जागा कोरी सोडा आणि आत काहीही काढू नका. चकचकीत लादी, चिनी मातीची बशी, संगमरवराची पॉलिश केलेली पाटी यांनाही हाच नियम.

लाकडात प्रश्न आतून येतो, पण पाण्याचा नाही, लाकडाच्या स्वतःच्या रसाचा. पांढरा रंग दिला आणि आठवड्याने त्यावर चहासारखा पिवळसर-तपकिरी डाग उमटला, तर तो लाकडातला टॅनिन. गाठ असेल तिथे तर हमखास. वरून कितीही पांढरे हात द्या, प्रत्येक हातातलं पाणी डाग पुन्हा वर ओढतं. त्याला जुनं औषध चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या. स्पिरिटमध्ये विरघळवून रात्रभर ठेवा, मेण खाली बसतं, वरचं निवळ तेवढं घ्या आणि एक पातळ हात द्या. वाळल्यावर हलका पॉलिश पेपर, मग जेसो (चित्रकारांचं पांढरं अस्तर) किंवा प्रायमर. सागवानाला स्वतःचं तेल असतं, म्हणून आधी स्पिरिटने पुसून घ्या. आंब्याचं लाकूड त्या मानाने सरळ आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, असेल तर सगळं लक्ष कडांकडे. तिथून तो पाणी पितो, फुगतो आणि पुन्हा कधी बसत नाही. कडांना प्रायमर आधी, सपाट भागाला नंतर.

जुनं दार, जुनी पेटी, शाळेचा बाक असेल तर आधीचा रंग ऑइलपेंट आहे का ते बघायलाच हवं. कापूस स्पिरिटमध्ये भिजवून जोरात घासा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो पाण्याचा रंग. काही आलं नाही तर बहुधा ऑइलपेंट. ऑइलपेंटच्या चकाकीवर अ‍ॅक्रिलिक थेट दिला तर तो पहिल्या उन्हाळ्यात कातडीसारखा सोलला जातो. चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, पुसा, पकड देणारा प्रायमर द्या, मग चित्र. उलट क्रम चालतो: वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग बसतो.

भिंतीबद्दल मला एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती मला महागात पडली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्हरांड्यात मी पंधरा दिवस खपून पक्ष्यांचं मोठं चित्र काढलं. भिंत पांढरी, कोरडी, स्वच्छ दिसत होती. जानेवारीत काम झालं, मे महिन्यात खंड्याच्या पंखाची एक कड उचलली गेली आणि जूनमध्ये पंख्याच्या वाऱ्याने हातभर रुंदीची पट्टी कागदासारखी लोंबायला लागली. पट्टी उलटी केली. पाठीवर चुना, थरावर थर. दरवर्षी मारलेली सफेदी होती ती, आणि मी हाताने चोळून बघितलं नव्हतं. मुलं तो पंख बोटाने परत भिंतीला चिकटवायचा प्रयत्न करत होती, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ते सगळं चित्र मी खरवडून काढलं.

तेव्हापासून भिंतीपाशी गेल्यावर आधी काळं फडकं. चोळल्यावर पांढरं झालं तर तो चुना, साधा डिस्टेंपर किंवा भुसभुशीत झालेला रंग, आणि तो पत्रीने खरवडून काढावाच लागतो. मग चिकटपट्टी: घट्ट दाबून एका झटक्यात ओढा आणि काय आलं ते बघा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. पाणी मारून तो पक्का झाल्यावर वाळायलाही वेळ लागतो. खाली लोणा लागलेली भिंत असेल तर चित्र घेऊच नका, आधी ओल कुठून येते ते गवंड्याला शोधू द्या. तसंच उघड्या जांभ्याच्या भिंतीचं. आमच्याकडे लोक हौसेने विचारतात, पण जांभा चार महिने पाणी धरून असतो. आत, छपराखाली असलेला कोरडा जांभा चालतो. पावसात भिजणारा नाही.

लोखंडी पत्र्यावर अ‍ॅक्रिलिक थेट देऊ नका, त्यातल्याच पाण्याने खाली गंज धरतो आणि ठिपके वर येतात. गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा हात द्या, तो पूर्ण वाळू द्या, हलका घासा, मग रंग. जस्ताच्या पत्र्याचं उलटं आहे. त्यावर ऑइलपेंट काही काळाने सुटतो, कारण जस्त आणि तेल मिळून मध्ये साबणासारखा थर तयार होतो. तिथे जस्ताला चालणारा अ‍ॅक्रिलिक प्रायमरच बरा. तेलाचा जुना डबा असेल तर आधी सोड्याच्या गरम पाण्याने धुवा.

प्लॅस्टिकच्या बुडाला त्रिकोणातला आकडा बघा. २ किंवा ५ असेल तर त्यावर जवळजवळ काहीच धरत नाही. मी ते काम घेत नाही. नदीतले गोटे मात्र छान, फक्त धुतल्यावर दोन-तीन दिवस वाळवा.

कापडाबद्दल तुम्हाला फारसं सांगायला नको, तुमची पिशवी टिकलीच आहे. एवढंच, की नव्या कापडातली खळ धुऊन काढा, रंगात फॅब्रिक मीडियम मिसळा म्हणजे कापड पुठ्ठ्यासारखं होत नाही, आणि दोन दिवसांनी उलट्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवा. जाड थर घडीवर तडकतो.

एका वस्तूवर मी अ‍ॅक्रिलिक वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये अशी माझी मनापासून विनंती आहे: शाडूच्या गणपतीवर. शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून तर आपण ती मूर्ती आणतो. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा विरघळत नाही. बादलीत विसर्जन करून दुसऱ्या दिवशी बघितलं की तळाशी माती असते आणि वर सोंडेच्या, पितांबराच्या आकाराची रंगीत साल तरंगत असते. गेरू, हळद, मुलतानी माती आणि डिंक यांत मूर्ती साधी दिसेल, पण पूर्ण विरघळेल. ब्रश धुतलेलं पाणीही थेट मोरीत ओतू नका. बादलीत ठेवा, रंग खाली बसतो, वरचं पाणी ओता आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाका.

हवेचं एक. सुमारे १० अंशांच्या खाली अ‍ॅक्रिलिकचे कण नीट मिसळत नाहीत आणि पापुद्रा भुसभुशीत होतो. कोकणात हा प्रश्न नाही, पण नाशिक-निफाडकडे थंडीतल्या पहाटे बाहेर काम करणाऱ्यांनी ऊन वर येऊ द्यावं. उलट टोकाला, अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात दोन रंगवलेल्या वस्तू अंगाला अंग लावून ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना दोन्हींचा रंग जातो. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर बातमी कुंडीवर उमटते, बबल रॅपने गोल गोल ठसे पडतात. बेकिंगचा बटर पेपर आधी, बबल रॅप त्याच्या वरून.

तुमच्या ऑर्डरसाठी आज हे करा. तीन कुंड्या घ्या. एक आतून कोटिंग करून, एक नर्सरीची कुंडी आत ठेवून, आणि एक तुमच्या जुन्या पद्धतीने. तिन्हींत एकाच जातीचं रोप लावा, रोज सारखं पाणी घाला आणि बाहेर ठेवा. पंधरा दिवसांनी तिन्हींवर चिकटपट्टी लावून ओढा. तिसऱ्या कुंडीच्या पट्टीवर काय निघतं ते नीट बघा, जमलं तर फोटो काढून मला पाठवा, आणि तोपर्यंत उरलेल्या सदतीस पाण्यात बुडवून, घासून, उन्हात ठेवून तयार ठेवा. ब्रश त्यानंतर.